प्रॉम्प्टरसह ऑनलाइन भूगोल

भूगोलाचा ऑनलाइन अभ्यासक्रम तयार करायची जबाबदारी माझ्यावर आली, तेव्हा मी सगळ्यात आधी नवा सदरा शिवायला टाकला. आकाशी रंगाचा. कॅमेऱ्यासमोर पांढरा रंग फुटतो, असं कुणीतरी सांगितलं होतं. मग केस काळे केले. बैठकीतलं बँकेचं कॅलेंडर काढून तिथे जगाचा नकाशा लावला आणि टेबलावर पृथ्वीचा गोल ठेवला. एवढं झाल्यावर निम्मं काम संपलं, असं मला अगदी मनापासून वाटलं. शिकवायचं काय, हा प्रश्न डोक्यातही आला नाही. ते तर मी वीसेक वर्षं शिकवतच होतो.

त्याआधी नागपूरला आमचं एक प्रशिक्षण झालं होतं. शिकवायला माझ्या मुलीच्या वयाची एक मुलगी होती. ती म्हणाली, "शेवटापासून सुरुवात करा. अभ्यासक्रम संपल्यावर विद्यार्थ्याला काय करता आलं पाहिजे, ते आधी ठरवा. ते त्याला येतं की नाही, हे कसं तपासणार ते मग ठरवा. काय शिकवायचं, हे सगळ्यात शेवटी." व्हिडिओ लहान ठेवा, एका व्हिडिओत एकच गोष्ट सांगा आणि कॅमेऱ्याशी न बोलता एका माणसाशी बोला, असंही तिनं सांगितलं. सगळे प्राध्यापक माना डोलवत होते. सगळ्यात जास्त मी डोलवत होतो. परतीच्या बसमध्ये मात्र मी ठरवून टाकलं की हे सगळं नवशिक्यांसाठी आहे.

या अभ्यासक्रमात घरातल्या एका माणसाचं सगळं अडकलेलं होतं. माझी बायको बी.ए. ची एका विषयानं राहिलेली. लग्नानंतरही ती शिकत होती, शेवटच्या वर्षापर्यंत आली, आणि भूगोलाच्या पेपरच्या आठवड्यातच आमची मुलगी जन्मली. पुढच्या वर्षी माझ्या आईचं ऑपरेशन निघालं. त्याच्या पुढच्या वर्षी आणखी काही. मग तिनं त्या पेपरचा विषय काढणं बंद केलं आणि आम्हीही तो विसरलो. विसरायला आम्हाला सोपं होतं, पेपर आमचा नव्हता.

विद्यापीठानं यंदा सवलत काढली. ज्यांची पदवी एखाद्या विषयासाठी अडलेली आहे, त्यांनी त्या विषयाचा मंजूर ऑनलाइन अभ्यासक्रम पुरा करायचा, बाहेरच्या परीक्षकाकडे तोंडी परीक्षा द्यायची, आणि पदवी घ्यायची. मी जेवता जेवता हे सहज बोललो. ती भात वाढत होती. वाढता वाढता थांबली आणि म्हणाली, "मले चालते का हे?"

तिचा तो आवाज मला कळायला हवा होता. पण मी तेव्हा अभ्यासक्रमाचं शीर्षक संस्कृतप्रचुर ठेवावं की नाही, याच्या विचारात होतो. मी म्हटलं, "चालते ना. पन पहिले माहा अभ्यासक्रम मंजूर झाला पाहिजे." तिनं कपाटातून भूगोलाचं जुनं पुस्तक काढलं, पुसलं आणि देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर ठेवलं. मुलगी नागपूरला इंजिनिअरिंगला असल्यानं तिची खोली रिकामीच होती. तिथल्या टेबलावर दुसऱ्या दिवशीपासून हिचा अभ्यास सुरू झाला.

आता माझ्या दुसऱ्या धंद्याबद्दल सांगणं भाग आहे. आमच्या भागात दिवाळी झाली की गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते, आणि मंडई म्हटली की नाटक आलंच. मी मूळचा आंधळगावचा. प्राध्यापक झालो तरी तोंडाला रंग लावायची खोड गेली नाही. इन्स्पेक्टर, सावकार, सुनेला छळणारा सासरा, मरता मरता पानभर बोलणारा बाप, सगळं करून झालं आहे. बापाच्या मरणाला तर वन्समोअर मिळाला होता आणि मी पुन्हा मेलो होतो.

आमच्याकडच्या नाटकात तालमी कमी आणि प्रॉम्प्टर दमदार असतो. तो विंगेत संहिता घेऊन बसतो आणि प्रत्येक वाक्य आधी दबक्या आवाजात म्हणतो. नट ते उचलतो आणि शेवटच्या रांगेपर्यंत फेकतो. समोर बसलेल्यांना दोन्ही ऐकू येतं. बाहेरगावच्या पाहुण्याला ते विचित्र वाटतं, पण आमच्या लोकांचे कान असे तयार झालेत की प्रॉम्प्टर त्यांना ऐकूच येत नाही. घरी पाठांतर करताना माझी प्रॉम्प्टर बायकोच. माझी किती मरणं तिनं स्वयंपाकाच्या ओट्याशी उभं राहून, फोडणी देता देता मला सांगितली आहेत.

रेकॉर्डिंग मे महिन्यात सुरू झालं. आमच्याकडचा मे म्हणजे काय ते इथल्या माणसाला सांगायला नको. त्यात कूलरचा आवाज येतो म्हणून कूलर बंद. खिडक्या बंद. शेजारची पिठाची चक्की कधी सुरू होईल याचा नेम नाही, म्हणून घाई. फोन शिलाई मशीनवर, पोळपाटाच्या टेकूनं उभा. मी आकाशी सदऱ्यात. सदरा पहिल्या पाच मिनिटांत गडद निळा झाला.

लाल ठिपका लागला. मी म्हणालो, "नमस्कार, विद्यार्थी मित्रहो." आणि पुढे काही नाही. वर्गात मी असा कधी अडलो नव्हतो. वर्गात चेहरे असतात, कुणी जांभई देतं, त्याच्यावर ओरडता येतं आणि ओरडता ओरडता पुढचं आठवतं. इथे एवढंसं भोक माझ्याकडे बघत होतं आणि ते जांभईसुद्धा देत नव्हतं. मी पुन्हा नमस्कार केला. दुपारपर्यंत मी विद्यार्थी मित्रांना नमस्कारच करत होतो.

बायको दारात उभी राहून बघत होती. ती म्हणाली, "अजी, मी सांगू का मांगून?"

ती माझ्या टिपणांचे कागद घेऊन फोनच्या मागे पाटावर बसली. तिनं पहिलं वाक्य दबक्या आवाजात म्हटलं आणि मी असा सुटलो की विचारू नका. हात फिरवले, गोल फिरवला, भूकंपाच्या वेळी टेबलावर मूठ आपटली. ज्वालामुखीच्या धड्याला माझाच घसा बसला.

माझ्या टिपणांतली वाक्यं लांबलचक होती. "मानवी वस्तीच्या स्थाननिश्चितीवर प्रभाव टाकणाऱ्या प्राकृतिक घटकांमध्ये जलाची उपलब्धता हा सर्वाधिक महत्त्वपूर्ण घटक मानला जातो." हे दबक्या आवाजात एका दमात म्हणून बघा. तिचा श्वास पुरेना. म्हणून ती आधी वाक्य डोळ्यांनी वाचायची आणि मला एवढंच सांगायची, "गाव कुठं बसते, ते पहिले पान्यावरून ठरते." मी ते उचलायचो, त्यात जल, उपलब्धता, प्राकृतिक वगैरे सगळा फौजफाटा पुन्हा भरायचो आणि शेवटच्या रांगेकडे फेकायचो. शेवटची रांग म्हणजे आमच्या मोरीची भिंत होती.

प्रत्येक व्हिडिओ अर्ध्या तासाच्या वर गेला. व्हिडिओ लहान ठेवा म्हणणारी ती मुलगी मला आठवली. पण आमच्याकडे नाटक पहाटेपर्यंत चालतं आणि माणूस जागचा हलत नाही, तर अर्धा तास म्हणजे काय मोठंसं, असा मी विचार केला. तयार व्हिडिओ मी पाहिले, बायकोनं पाहिले, प्राचार्यांच्या खोलीत मोठ्या पडद्यावर प्राचार्यांनी पाहिले. प्राचार्यही नाटकवेडे. "शेवट जबरदस्त घेतला," असं म्हणून त्यांनी माझा हात हातात घेतला. व्हिडिओ मंजुरीला गेले. त्याच सुमारास, म्हणजे जुलैत, चाचणी म्हणून आमच्याच कॉलेजच्या मुलामुलींना अभ्यासक्रम सुरू करून दिला. बायकोचंही नाव त्यात घातलं.

पहिल्या आठवड्यात परिचयाचा एक फलक ठेवला होता. "आपले गाव, आपली आवड आणि या अभ्यासक्रमाकडून आपल्या अपेक्षा सविस्तर लिहा," असं मी त्यावर लिहिलं. खाली एकामागून एक उत्तरं आली. "हजर सर." "हजर सर." "प्रेझेंट सर." एकानं नुसते जोडलेले हात पाठवले. सविस्तर असं एकच उत्तर होतं, बायकोचं. तिनं लिहिलं होतं, "माझे गाव दिघोरी. मला पास व्हायचे आहे."

पहिली चाचणी मी सकाळी दहाला ठेवली, ऐन रोवण्याच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत. कुणीही आलं नाही. मी शिस्तीवर एक जळजळीत सूचना लिहिली. बायको म्हणाली, "रोवने सुरू हायेत अजी. हात चिखलात हायेत तं फोन कोन धरन?" मला हे कुणी सांगायला हवं होतं का? त्याच सकाळी मी स्वतः आमच्या बांधीच्या, म्हणजे भातखाचराच्या धुऱ्यावर उभा होतो आणि रोवणाऱ्या बायांत माझ्याच वर्गातल्या दोघी होत्या. त्यांनी मला चिखलातून नमस्कारही केला होता. तिथून घरी येऊन, पाय धुऊन, मी त्यांना गैरहजर मांडलं.

मग एके दिवशी मंजुरी देणाऱ्या समितीतल्या प्राध्यापकांचा फोन आला. माणूस पश्चिम महाराष्ट्राकडचा, बोलणं फार मऊ.

"सर, एक विचारू का? तुमच्या व्हिडिओत एक बाई बोलतात."

"कुठे?"

"सगळीकडे. तुमच्या आधी."

मी म्हटलं, शक्य नाही, आम्ही तिघांनी तपासलं आहे. त्यांनी फोनवरच व्हिडिओ लावला. आधी स्वच्छ, शांत आवाज आला, "गाव कुठं बसते, ते पहिले पान्यावरून ठरते." आणि त्याच्यामागून मी आलो, दरड कोसळावी तसा. तेव्हा कुठे मला उमगलं. प्रॉम्प्टर फोनच्या वीतभर मागे बसली होती आणि मी खोलीच्या दुसऱ्या टोकाला. फोननं तिचा आवाज आधी घेतला होता, नीट घेतला होता. आणि आम्ही तिघंही इतके मंडईत मुरलेले की आमच्यापैकी एकालाही तो ऐकू आला नव्हता.

"हो हो," मी म्हणालो, "ती प्रॉम्प्टर आहे." जणू जगातल्या सगळ्या व्याख्यानांना प्रॉम्प्टर असतोच.

"कोण आहेत त्या?"

"विद्यार्थिनी आहे."

"विद्यार्थिनी तुम्हाला सांगतात, आणि मग तुम्ही विद्यार्थ्यांना सांगता?"

"माझी पत्नीपण आहे," मी म्हणालो. त्यानं प्रकरण सुधारेल असं मला का वाटलं, कोण जाणे.

मग ते म्हणाले की हे असं मंजूर करता येणार नाही. नवं करून दिवाळीच्या आत पाठवा, नाहीतर पुढच्या वर्षी बघू. मी जुन्या विद्यार्थ्यांच्या सवलतीचं विचारलं. ती पुढच्या वर्षी राहील की नाही, ते सांगता येत नाही, असं उत्तर मिळालं.

बायको अंगणात तांदूळ निवडत बसली होती. मी जाऊन सगळं सांगितलं. मला वाटलं ती हसेल, किंवा चिडेल. तिनं सूप मांडीवरून खाली ठेवलं. मग म्हणाली, "मंग ते पुस्तक वापस कपाटात ठेवा लागन." आणि पुन्हा खडे वेचू लागली.

मला फार वाईट वाटलं. इतक्या वर्षांत त्या पेपरबद्दल मला पहिल्यांदा वाईट वाटलं, हेही त्याच वेळी लक्षात आलं आणि आणखी वाईट वाटलं. पण माझा स्वभावच असा की वाईट वाटलं की मी आधी दुसऱ्यावर चिडतो. मी फोन बनवणाऱ्यांना शिव्या दिल्या. इतका तिखट कान ठेवायची काय गरज होती? मग विद्यार्थ्यांवर घसरलो. महिनाभर व्हिडिओ बघताहेत, एकाला तोंड उघडून सांगता येऊ नये? अभ्यासक्रमाच्या ग्रुपवर विचारलं, तुम्हाला मागचा आवाज ऐकू येत होता का? रोवण्यातल्या त्या दोघींपैकी एकीनं बोलून निरोप पाठवला, "हो सर. पहिले मॅडम सांगते ते आमी लिहून घेतो. मंग तुमी सांगता तवा पानी प्याले जातो."

तो निरोप मी बायकोला ऐकवला नाही. तिनं तो ग्रुपवर आधीच ऐकला होता. विद्यार्थिनीच होती ना ती.

दुसऱ्या दिवशी मी एकटाच दार लावून रेकॉर्डिंगला बसलो. पुन्हा नमस्कारापाशी अडलो. संध्याकाळी घाम पुसत बसलो असताना नागपूरच्या त्या मुलीचं बोलणं डोक्यात आलं. कॅमेऱ्याशी न बोलता एका माणसाशी बोला. हे नवशिक्यांसाठी आहे असं मी ठरवलं होतं. त्या क्षणी माझ्याइतका नवशिका तालुक्यात दुसरा नव्हता.

मी बायकोला बोलावलं. "पाटावर बस, पन तोंड बंद ठेव. मी तुलेच सांगतो. जे समजलं नाई, तिथं हात वर कर."

मला वाटलं होतं, एखाददुसऱ्या वेळी करील. तिनं पहिल्याच वाक्याला हात वर केला.

"काय नाई समजलं?"

"प्राकृतिक."

"अवो, निसर्गातलं."

"मंग तसं म्हना ना."

पुन्हा सुरू केलं. पुन्हा हात. मी चिडलो. इतक्या वर्षांत कुणी मला असं शब्दाशब्दाला थांबवलं नव्हतं. मी म्हटलं, "कायले हात वर करून राहिली घडीघडी?" ती शांतपणे म्हणाली, "विद्यार्थिनी आहो मी. समजलं नाई तं हात वर नाई करू का?" आणि हात खाली न घेता तशीच बसून राहिली. वर्गात मी एखाद्याला बाहेर काढलं असतं. इथे बाहेर काढलं तर संध्याकाळचा चहा गेला असता.

नाईल नदीच्या धड्यालाही हात वर झाला. "आता नाईल नाई समजली का?" मी विचारलं. "समजली. पन लय दूर हाये," ती म्हणाली. नाईल दूर आहे, ही भूगोलाच्या प्राध्यापकाला नाकारता येण्यासारखी गोष्ट नाही. मी जवळच्या आंबागडला गेलो, डोंगरावरचा किल्ला आणि त्याच्या पायथ्याचं गाव यांचे फोटो काढले आणि नाईलच्या जागी ते घातले. पंधरा ठिकाणी अडत, तीन-तीनदा घेत, एकेका गोष्टीचा एकेक व्हिडिओ झाला. माझी ओरड कमी झाली, कारण शेवटची रांग आता समोरच्या पाटावर होती आणि तिला ऐकू येत होतं.

चाचणीही बदलली. अभ्यासक्रम संपल्यावर पोरांना काय यायला हवं, असं स्वतःला विचारलं तेव्हा लाजल्यासारखं झालं, कारण मी कधी विचारलंच नव्हतं. शेवटी एवढंच ठरवलं की आपलं गाव आहे तिथेच का बसलं, हे प्रत्येकाला सांगता यावं. घरातल्या मोठ्या माणसांना विचारा, बांधीतून परत आल्यावर आठवडाभरात केव्हाही फोनवर बोलून पाठवा, असं सांगितलं. ज्या फलकावर "हजर सर" ची रांग लागली होती, तिथे दोन गावच्या पोरांचं कुणाचा तलाव जुना यावरून असं भांडण पेटलं की मला मध्ये पडावं लागलं. मला इतका आनंद झाला होता की भांडण मी जरा उशिरानंच सोडवलं.

एका ठिकाणी मात्र मी तिला हुलकावणी दिली. "गाव पाण्याजवळ वसतं," असं मी म्हणालो आणि तिचा हात वर गेला. "आमच्या दिघोरीकडं तसं नाई," ती म्हणाली. चक्की सुरू व्हायची वेळ झाली होती. मी म्हटलं, "ते पुढच्या व्हिडिओत घेऊ." शिकवणारा माणूस पुढे घेऊ म्हणतो तेव्हा तो ते कधी घेणार असतो, हे शिकवणाऱ्यांना चांगलं ठाऊक आहे. तिनं हात खाली घेतला.

दिवाळीच्या तोंडावर मंजुरी आली. त्या मऊ बोलणाऱ्या प्राध्यापकांनी कळवलं की आता एकच आवाज येतो आहे, व्हिडिओ सुटसुटीत आहेत, फक्त सर मधूनमधून कुणीतरी रागावल्यासारखे थांबतात ते का, हे कळलं नाही. मी ते कळवलं नाही.

उरली तिची तोंडी परीक्षा. घरूनच, व्हिडिओ कॉलवर, बाहेरच्या विद्यापीठाचे परीक्षक. खोलीत दुसरं कुणीही नको, असा नियम. तिनं सकाळी बैठक झाडली, इस्त्रीची साडी नेसली आणि भिंतीवरचा जगाचा नकाशा काढून गुंडाळून ठेवला. "नकाशा पाहून उत्तर देल्लं म्हनतीन," ती म्हणाली. कॅलेंडर पुन्हा जागेवर आलं. मला स्वयंपाकघरात पाठवण्यात आलं. मधल्या दाराला पडदा होता. दार मी मुद्दामच लोटलं नाही.

परीक्षकांनी खोली दाखवायला सांगितली, तिनं फोन फिरवून दाखवली. मी ओट्यामागे खाली बसलो. सुरुवातीचे प्रश्न सोपे होते, तिनं पटापट उत्तरं दिली. आवाज थोडा कापत होता, पण शब्द नीट येत होते. मंडईत हजारो माणसांसमोर मी कधी असा घाबरलो नव्हतो. मग परीक्षकांनी विचारलं, "तुमच्या माहेरचं गाव आहे त्याच जागी का वसलं असेल?"

ती गप्प झाली.

मला वाटलं, गेलं. माझ्या डोळ्यांपुढे ते पुस्तक पुन्हा कपाटात जाताना दिसलं. नट अडला की विंगेतून वाक्य द्यायचं, हे रक्तातच भिनलेलं. मी पडद्याशी जाऊन दबक्या आवाजात म्हणालो, "पान्याजवळ! पान्याजवळ!"

माझा दबका आवाज म्हणजे शेवटच्या रांगेपर्यंत जाणारा.

"कुणी बोललं का?" परीक्षकांनी विचारलं.

इतक्या वर्षांनी दाराशी आलेली तिची पदवी मी दोन शब्दांत घालवली, असं वाटलं. आणि तेवढ्यात तिचा आवाज आला, मघापेक्षा खणखणीत. "हो सर. माझे मिस्टर आहेत. एक मिनिट थांबता का?"

ती उठली, पडदा बाजूला केला, माझ्याकडे एकदा पाहिलं. रागानं नाही, पोळी करपली की तव्याकडे बघते तसं. मग तिनं दार ओढलं आणि बाहेरून कडी लावली.

दाराआडून मला तिचं बोलणं ऐकू येत होतं. "सर, ते म्हणाले ते पुस्तकात बरोबर आहे. पण आमच्या गावाकडे तसं नाही. मी त्याचाच विचार करून राहिली होती. पाण्याजवळची, तलावाखालची जमीन धानाची. तिच्यावर घर बांधून कोण वाया घालवेल? म्हणून घरं वर, मुरमाच्या जागेवर. पाणी लांबून आणावं लागलं तरी चालेल, पण बांधी मोडायची नाही. माझी आजी तसंच सांगायची."

परीक्षक काही तरी लिहून घेत असावेत. मग म्हणाले, "छान. अगदी छान. मॅडम, शेवटचं विचारतो, हा अभ्यासक्रम कसा वाटला?"

मी दाराला कान लावला. तोंडावर हातही ठेवला, उगाच भरवसा नको म्हणून.

"चांगला आहे सर," ती म्हणाली. मग थोडं हसली असावी, कारण पुढचं तिच्या घरच्या बोलीत आलं. "पहिले लय कठीन होता. मंग मास्तरलेच समजाले लागलं."

परीक्षक मोठ्यानं हसले. तुमचं झालं, निकाल रीतसर येईल, पण काळजी करू नका, तुम्ही पास आहात, असं म्हणाले. कॉल बंद झाल्याचा आवाज आला. मी कडी निघायची वाट बघत उभा राहिलो. चहाचं आधण ठेवलं, दोन कप काढले, दूध उतू जाताना धरलं. कडी निघाली नाही.

मग तिचा आवाज आला. फोन मुलीला लागला होता. "बाई," ती म्हणाली, आणि पुन्हा म्हणाली, "बाई, तुही माय बी.ए. झाली वो."

दाराच्या या बाजूला मलाही रडू आलं, अगदी खरं. नाटकात इतक्या वेळा रडलो, पण तेव्हा कुणीतरी आधी सांगायचं, आता रडा म्हणून. चहा निवत होता. त्या मायलेकी बराच वेळ बोलत राहिल्या आणि मी दार वाजवलं नाही.